जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा: काय तपासावे, केव्हा तपासावे आणि रिपोर्ट कसा वाचावा

जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला गेला, केमोथेरपीचे ठरलेले डोस संपले, की रुग्णाच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच: आता पुढे किती वर्षे आणि कोणकोणत्या तपासण्या करत राहायच्या? ज्यांचा आजार परत येतो त्यांच्यापैकी बहुतेकांत तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो. पाच वर्षांनंतर परत येण्याचे प्रमाण बरेच कमी होते, पण ते शून्यावर येत नाही. पाठपुराव्याचे वेळापत्रक याच गोष्टीवर बेतलेले असते आणि म्हणूनच सुरुवातीला भेटी जवळजवळ असतात, पुढे त्या विरळ होत जातात.

वेळापत्रकाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. वारंवार स्कॅन केल्याने जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य वाढते, हे आजवर ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हे मान्य केलेले आहे. हा आजार परततो तेव्हा अनेकदा तो पोटाच्या आतल्या आवरणावर, म्हणजे पेरिटोनियमवर बारीक दाण्यांसारखा पसरलेला असतो, किंवा यकृतात आणि दूरच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) असतो. अशा वेळी दुसरी शस्त्रक्रिया करून तो समूळ काढणे क्वचितच जमते. तरीही पाठपुरावा सोडून देण्याजोगा नाही. आजार लवकर कळला तर रुग्णाच्या अंगात औषधे सोसण्याइतकी ताकद शिल्लक असतानाच उपचार सुरू करता येतात. उरलेल्या जठरात नवा कर्करोग उद्भवला तर तो सुरुवातीच्या टप्प्यात काढता येतो. आणि जठर काढल्यामुळे होणारी जीवनसत्त्वांची कमतरता, हाडांची झीज, घटणारे वजन यांवर तर नक्कीच उपाय करता येतो. या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. दर भेटीला स्कॅनची चौकशी करणारे नातेवाईक बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख मात्र विसरलेले असतात.

पहिली पायरी: कागदपत्रांची फाइल

उपचार संपताच एक जाड फाइल करावी आणि तिच्यात डिस्चार्ज कार्डाबरोबरच शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद व हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा रिपोर्ट मागून घेऊन लावावा. केवळ डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांना लागणारी माहिती या दोन कागदांतच असते. जठराचा खालचा भाग काढून वरचा राखला आहे की संपूर्ण जठर काढले आहे, आतडे कोणत्या पद्धतीने जोडले आहे, किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी किती बाधित निघाल्या, कापलेल्या कडा कर्करोगमुक्त होत्या का, या गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. अचूक स्टेज ठरवायला साधारणपणे किमान १६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. तपासलेल्या ग्रंथी याहून बऱ्याच कमी असतील, तर कागदावरचा टप्पा खऱ्यापेक्षा सौम्य दिसत असण्याची शक्यता राहते आणि डॉक्टर त्यानुसार अधिक सावध राहतात.

पेशींचा प्रकारही पाहावा. आतड्यांच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या प्रकाराचा कल यकृताकडे जास्त असतो, तर विखुरलेल्या किंवा सिग्नेट रिंग प्रकाराचा कल पेरिटोनियमकडे असतो. स्त्रियांमध्ये हा दुसरा प्रकार अंडाशयातही जाऊ शकतो. त्यामुळे स्कॅन वाचणाऱ्याला हा प्रकार आधी ठाऊक असला तर त्याची नजर योग्य जागी जाते. हर-२ (कर्करोगाच्या पेशींवरचे एक प्रथिन) आणि एमएमआर (पेशीतला डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा) या तपासण्या झाल्या असतील तर त्यांचे निकाल जपून ठेवावेत. झालेल्या नसतील, तर पॅथॉलॉजी विभागात मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले काढलेल्या गाठीचे तुकडे) किती वर्षे ठेवले जातात ते विचारून घ्यावे, कारण आजार परतल्यास औषधाची निवड याच निकालांवर ठरते.

फाइलमध्ये आणखी दोन कागद हवेत. एक म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचे सीईए आणि सीए १९-९ या ट्यूमर मार्करचे, म्हणजे कर्करोगात वाढू शकणाऱ्या रक्तातल्या घटकांचे आकडे, आणि दुसरा म्हणजे उपचार संपल्यानंतर काढलेल्या पहिल्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट, सीडीसकट. पुढचा प्रत्येक स्कॅन याच स्कॅनशी ताडून पाहिला जातो.

दुसरी पायरी: वेळापत्रक ठरवून घेणे

सर्वांना एकच वेळापत्रक लागू होत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग केंद्रांच्या जाळ्याने प्रसिद्ध केलेल्या सूचनांनुसार पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत दर सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष तपासावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांसाठी छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन पहिली दोन वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा सुचवला जातो. पहिल्या स्टेजमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांना लक्षणे नसतील तर ठरावीक स्कॅनची सक्ती नसते. ज्यांचा अगदी प्राथमिक अवस्थेतला कर्करोग पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढला गेला, त्यांच्या बाबतीत भर एंडोस्कोपीवर असतो: पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या जपानमध्ये पाठपुरावा अधिक काटेकोर असतो आणि तिथे ट्यूमर मार्करही नियमितपणे तपासले जातात.

आपल्याकडच्या अनेक केंद्रांत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी बोलावण्याची पद्धत आहे. आपल्या डॉक्टरांनी यांपैकी काय ठरवले आहे ते तोंडी ऐकून न सोडता कागदावर महिन्यांसह लिहून घ्यावे. ‘तीन महिन्यांनी दाखवा’ एवढ्यावर निघालेला रुग्ण पावसाळा, शेतीची कामे, घरातले लग्न अशा कारणांनी सहा महिन्यांवर जातो आणि मग बरे वाटत असल्याने येतच नाही.

तिसरी पायरी: घरी ठेवायची नोंद

दोन भेटींच्या मधल्या काळात सर्वांत उपयोगी पडणारे साधन म्हणजे वजनकाटा. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, साधारण त्याच वजनाच्या कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. काटा एकच असावा. दवाखान्यातला, मेडिकलच्या दुकानातला आणि घरचा असे तीन काटे वापरले तर नोंदीला अर्थ राहत नाही.

ती नोंद वाचायची कशी, तेही समजून घ्यायला हवे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन घटणे अपेक्षितच असते. मूळ वजनाच्या दहा ते पंधरा टक्के घट सर्रास दिसते आणि संपूर्ण जठर काढलेल्यांत ती आणखी जास्त असू शकते. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी ६२ किलो असलेली व्यक्ती सहा महिन्यांनी ५३ किलोवर आली आणि पुढचे सहा महिने ५२ ते ५४ च्या दरम्यान राहिली, तर घाबरण्याचे कारण नाही. शरीराने नवी पातळी गाठली आहे. परंतु हीच व्यक्ती चौदाव्या महिन्यात ५१ वर आणि सोळाव्या महिन्यात ४९ वर आली, खाणे तेवढेच असूनही आली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. स्थिरावलेले वजन पुन्हा घसरू लागणे ही खरी धोक्याची खूण असते.

वजनाशेजारी लक्षणांचा रकाना ठेवावा. घास अडकणे आणि तो अडथळा आठवड्यागणिक वाढत जाणे, खाल्लेले तासाभराने न पचता उलटून पडणे, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणे, पाठीकडे जाणारी आणि रात्री झोपमोड करणारी पोटदुखी, कंबरेचा नाडा अकारण घट्ट होऊ लागणे, बेंबीत किंवा गळ्याच्या डाव्या हाडाच्या वर कडक गाठ लागणे, शौचाची सवय बदलून पोट साफ न होणे, एखाद्या हाडात सतत ठणका, स्त्रियांमध्ये ओटीपोटात गोळा जाणवणे: यांपैकी काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर दाखवावे. काळी शौच, कावीळ आणि सततच्या उलट्या यांसाठी मात्र दोन आठवडेही थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काही त्रास मात्र शस्त्रक्रियेचे परिणाम असतात, आजाराचे नव्हेत. जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधडणे, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होणे याला डंपिंग म्हणतात. अन्न, विशेषतः गोड आणि पातळ, आतड्यात झपाट्याने उतरल्याने ते होते. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तातली साखर एकदम उतरल्याने घडते. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाणे, जेवताना पाणी न पिणे, चहातली साखर आणि शिरा-लाडू कमी करून डाळ, अंडी, पनीर यांचे प्रमाण वाढवणे, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. जोडाच्या ठिकाणी आतडे आक्रसले तरीही घास अडकतो आणि ते फुग्याने रुंदावता येते. जठर काढल्यानंतर पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे उजव्या बरगडीखालची कळ किंवा कावीळसुद्धा दर वेळी कर्करोगाचीच नसते. त्रासाचे मूळ कोणते, हे घरी बसून ठरवता येत नाही. पण लक्षण केव्हा सुरू झाले, खाण्याशी त्याचा संबंध आहे का, ते वाढते आहे की येऊन जाते आहे, हे वहीत असले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

चौथी पायरी: रक्ताच्या तपासण्या

प्रत्येक भेटीला सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, अल्ब्युमिन एवढे साधारणपणे पाहिले जाते. ट्यूमर मार्करबद्दल मात्र गैरसमज फार. सीईए किंवा सीए १९-९ वाढले म्हणजे कर्करोग परतलाच असे नाही, आणि ते नॉर्मल आहेत म्हणजे परतला नाही असेही नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे मार्कर वाढलेले होते त्यांच्यात या आकड्यांचा पाठलाग उपयोगी ठरतो. पूर्वीही ते नॉर्मलच होते, तर पुढेही त्यांच्यावर फारसे विसंबता येत नाही. काही लोकांच्या शरीरात रक्तगटाशी निगडित आनुवंशिक कारणामुळे सीए १९-९ मुळात तयारच होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए थोडे वाढलेले असते, आणि पित्तनळीत अडथळा आला की सीए १९-९ कितीतरी पटींनी उसळते, मग तो अडथळा साध्या खड्याचा का असेना.

म्हणून एका आकड्यापेक्षा आकड्यांची दिशा पाहावी. सीईएची नेहमीची मर्यादा ५ धरली, तर २.८, ३.४, ५.६, ३.१ अशी चढउतार होणारी मालिका बहुधा निरुपद्रवी असते, २.१, ४.३, ८.९ अशी दर खेपेस दुप्पट होत जाणारी मालिका मात्र स्कॅन लवकर करायला भाग पाडते, मग मधला आकडा मर्यादेच्या आत असला तरी. प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो. वाढलेला आकडा पहिल्यांदाच आला असेल तर चार ते सहा आठवड्यांनी तो पुन्हा करून पाहणे, ही योग्य पहिली कृती आहे. रात्री अकराला मोबाइलवर आलेला रिपोर्ट उघडून, आकड्यासमोरचे ठळक ‘एच’ (‘हाय’, म्हणजे वाढलेला) पाहून रात्रभर जागणे टाळायचे असेल, तर रिपोर्ट भेटीच्या दिवशीच डॉक्टरांसमोर उघडायचा, असा नियम घरात करावा.

बी-१२ बद्दल थोडे सविस्तर लिहितो. अन्नातले बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक आवश्यक असतो. संपूर्ण जठर काढल्यावर तो घटक कायमचा नाहीसा होतो. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघड होते. पण ज्यांच्या घरी मांस-मासे-अंडी नाहीत त्यांचा साठा मुळातच तुटपुंजा असतो आणि त्यांना लक्षणे लवकर दिसू शकतात. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ आयुष्यभर घ्यावे लागते, बहुधा १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनच्या रूपात आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने. काहींना मोठ्या मात्रेची गोळीही चालते. अर्धे जठर राखलेल्यांनी पातळी वर्षातून एकदा तपासावी. नुसत्या फॉलिक ॲसिडचे टॉनिक घेऊ नये, कारण त्याने हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते आणि नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या येणे हे ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानेही होते आणि बी-१२ अभावीही. पहिल्याला थांबून पाहावे लागते, दुसऱ्याला लगेच उपचार असतो, म्हणून पातळी तपासल्याशिवाय ‘केमोमुळे असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही वर्षातून एकदा पाहावे. जठरातले आम्ल कमी झाल्यावर कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे गोळीचे नाव एकदा तपासून घ्यावे. वयस्कर रुग्णांची आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडांची घनता डेक्सा स्कॅनने पाहिलेली बरी.

पाचवी पायरी: सीटी स्कॅन

स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) अलीकडचा रिपोर्ट लागतो, कारण चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून दिले जाणारे कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर ते काही काळ थांबवावे लागते. हे डॉक्टरांना विचारूनच करावे. पूर्वी कॉन्ट्रास्टनंतर अंगावर पित्त उठले असेल, दम लागला असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे. स्कॅनपूर्वी तासभर घोटघोट प्यायला दिला जाणारा द्राव जठर काढलेल्या माणसाला एकदम पिणे शक्य नसते आणि त्याने डंपिंगही होऊ शकते, हे तिथल्या टेक्निशियनला आधी कळलेले चांगले.

मागणीच्या कागदावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि आतडे कसे जोडले आहे हे लिहिलेले आहे का, हे पाहावे. हा कागद अनेकदा हाताने लिहिलेला असतो आणि त्यावर ‘सीए स्टमक, फॉलो-अप’ एवढेच असते. जोडणीच्या एका फाट्यात द्राव पोहोचत नाही आणि आतड्याचा तो भरीव दिसणारा वेटोळा नवख्या नजरेला गाठीसारखा भासू शकतो. शस्त्रक्रियेची नोंद समोर असेल तर ही चूक टळते. मागच्या सर्व सीडी सोबत न्याव्यात आणि शक्य तोवर त्याच केंद्रात स्कॅन करावा.

रिपोर्टमध्ये काही शब्द वारंवार येतात. ‘पोस्ट-ऑपरेटिव्ह चेंजेस’ म्हणजे शस्त्रक्रियेच्या खुणा. ‘सबसेंटिमेट्रिक नोड्स’ म्हणजे एक सेंटीमीटरपेक्षा लहान ग्रंथी, ज्या निरोगी माणसांतही आढळतात. ‘ओमेंटल स्ट्रँडिंग’ (पोटातल्या चरबीच्या पडद्यात दिसणाऱ्या रेषा), ‘पेरिटोनियल थिकनिंग’ (पेरिटोनियम जाड होणे) किंवा नव्याने आलेले ‘फ्री फ्लुइड’ (पोटात साचलेले पाणी) या शब्दांकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात, तसेच मूत्रनलिका दबून एका मूत्रपिंडाला आलेल्या सुजेकडेही. सर्वांत महत्त्वाचे वाक्य असते ते तुलनेचे: मागच्या तपासणीच्या मानाने ‘स्टेबल’ की ‘इन्क्रीज्ड’. तुलनेचे वाक्यच नसेल, तर जुन्या सीडी रेडिऑलॉजिस्टपर्यंत पोहोचल्या नाहीत असे समजावे आणि त्या दाखवून पुरवणी रिपोर्ट मागावा. सीटीची मर्यादाही मोठी आहे: पेरिटोनियमवरचे काही मिलीमीटरचे दाणे त्यात बहुधा दिसत नाहीत, म्हणून स्कॅन स्वच्छ असूनही लक्षणे वाढत असतील तर लक्षणांना मान द्यावा.

पेट स्कॅन (किरणोत्सर्गी साखर टोचून ती जास्त ओढणाऱ्या पेशी उजळून दाखवणारी तपासणी) हा ‘अधिक भारी, म्हणून अधिक चांगला’ असा विचार करून दर वर्षी करून घेणारे पुष्कळ आहेत. नेहमीच्या पाठपुराव्यासाठी त्याची शिफारस सहसा केली जात नाही. सिग्नेट रिंग आणि म्युसिनयुक्त कर्करोग त्यात अनेकदा उजळतच नाहीत, आणि उलट जोडाजवळची साधी सूज उजळून दिसते. सीटीत काही शंकास्पद आढळले आणि त्याचा उलगडा हवा असेल, तेव्हा पेटचा उपयोग होतो.

सहावी पायरी: एंडोस्कोपी

दुर्बिणीची तपासणी कोणाला लागते हे शस्त्रक्रियेवरून ठरते. संपूर्ण जठर काढलेल्यांना अन्ननलिका आणि आतड्याचा जोडच पाहायचा असतो, त्यामुळे गिळताना त्रास असेल तरच ती करतात. जठराचा वरचा भाग शिल्लक असलेल्यांत मात्र त्या उरलेल्या अस्तरात नवा कर्करोग होऊ शकतो आणि तो कित्येक वर्षांनीही होतो. तो सुरुवातीलाच दिसला तर दुर्बिणीतूनच काढता येण्याची शक्यता असते. म्हणून लक्षणे नसली तरी ठरावीक वर्षांनी आत पाहावे का, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. माझा कल पाहण्याकडेच आहे.

उरलेले जठर मंदपणे रिकामे होते. रात्री पोळी-भाजी खाऊन सकाळी गेलेल्या रुग्णाच्या जठरात अन्न साचलेले सापडते आणि अर्धे अस्तर झाकलेले राहते. आदल्या दिवशी पेज, ताक, डाळीचे पाणी एवढ्यावर राहावे आणि उपाशी राहण्याचा काळ किती ठेवायचा ते विचारून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तेही सांगावे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली आहे का, आणि तो आढळला होता तर उपचारानंतर गेल्याची खात्री केली का, हेही याच वेळी पाहावे. ही तपासणी करण्यापूर्वी पित्ताच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही निकाल नकारात्मक येऊ शकतो.

काही संशयास्पद निघाले तर

स्कॅनवर गाठ दिसली म्हणजे कर्करोग परतला, असे लगेच मानू नये. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि जठर काढलेल्या माणसांत तो होण्याचा धोका वाढलेला असतो. पोटातला क्षय पेरिटोनियम जाड करतो, पोटात पाणी करतो, ग्रंथी वाढवतो; स्कॅनवर तो पसरलेल्या कर्करोगासारखा हुबेहूब दिसू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे सुईने तुकडा घेऊन, पोटातले पाणी काढून त्यातल्या पेशी तपासून, किंवा गरज पडल्यास लॅपरोस्कोपीने (लहान छिद्रातून पोटात दुर्बीण घालून) आत पाहून निदान पक्के करावे आणि मगच उपचार सुरू करावेत. तुकडा घेतलाच आहे तर त्यावर औषध निवडायला लागणाऱ्या हर-२, एमएमआर आणि पीडी-एल१ यांची तपासणी करून घ्यावी; काही ठिकाणी क्लॉडिन १८.२ हीही केली जाते.

निदान पक्के झाल्यावर प्रश्न राहतो विस्ताराचा. एकाच जागी, मर्यादित आजार असेल तर मोजक्या रुग्णांत शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा विचार होतो. तो अनेक ठिकाणी असेल तर केमोथेरपी, आणि वरच्या तपासण्यांच्या निकालांप्रमाणे हर-२ विरोधी औषध किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणारे औषध). एमएमआरमध्ये दोष असलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा विशेष फायदा होऊ शकतो, म्हणून तो जुना कागद फाइलमध्ये हवा. हा निर्णय एका डॉक्टरने घेण्यापेक्षा ट्यूमर बोर्डपुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे जाणे चांगले. वेदना, उलट्या, भूक यांवर काम करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या चमूला सुरुवातीलाच भेटावे. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे.

प्रवास आणि खर्च

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले अनेक जण विदर्भ-मराठवाड्यातून, कोकणातून येतात. प्रत्येक भेट तिथेच व्हायला हवी असे नाही. रक्ताच्या तपासण्या आणि मधल्या भेटी नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर येथील कर्करोग रुग्णालयांत किंवा गोव्याच्या रहिवाशांना बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात करून, सीटीच्या वेळी मूळ रुग्णालयात जाता येईल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. रेल्वेची कर्करोगग्रस्तांसाठीची भाडे-सवलत केवळ उपचारासाठीच नव्हे तर वेळोवेळीच्या तपासणीसाठीही मिळते आणि ती सोबतच्या एका व्यक्तीलाही लागू असते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, ते निघण्यापूर्वी भरून घ्यावे. मुक्कामासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, परंतु तिथे गर्दी असते, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत आधी चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या शस्त्रक्रियेनंतरच्या कोणत्या तपासण्या बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा तिथला प्रतिनिधी) लेखी विचारून घ्यावे.

पाच वर्षांनंतर

पाचव्या वर्षाचा स्कॅन स्वच्छ आला की ठरलेले स्कॅन बहुधा थांबतात. वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवणे, वजन, सीबीसी, बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी मात्र चालू ठेवावी. जठराचा भाग शिल्लक असलेल्यांनी एंडोस्कोपीचे पुढचे वर्ष ठरवून घ्यावे. घराण्यात एकाहून अधिक जणांना जठराचा कर्करोग झाला असेल, रुग्णाला तो तरुण वयात झाला असेल, किंवा आजार सिग्नेट रिंग प्रकारचा असेल, तर भावंडांनी आणि मुलांनी जनुकीय सल्लागाराला भेटावे. सीडीएच१ या जनुकातला दोष वारशाने येतो आणि तो आढळल्यास निरोगी नातेवाइकांच्या तपासण्यांचे वेळापत्रक वेगळे, रुग्णाच्या वेळापत्रकापेक्षाही काटेकोर असते.